बादलीतली पाथरी

डॉक्टरकीची नीट परीक्षा दुसऱ्यांदा दिली आणि दुसऱ्यांदा राहिले. रडूबिडू काही आलं नाही. लातूरच्या क्लासमधून सामान घेऊन वडवणीजवळच्या आमच्या गावात आले आणि झोपले. लई झोपले. दुपारी बाराशिवाय उठतच नव्हते. आण्णा, म्हणजे माझे वडील, एकदाच म्हणले, "तिसऱ्यांदा बसायचं का न्हाई, तेवढं सांग. क्लासवाले महिनाअखेरपर्यंत थांबतेत."

"सांगते" म्हणले. पण आतून हो पण येईना, नाही पण येईना. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तसं सगळं अंगच झालं होतं.

आई खुरपायला जायची. एक दिवस पदरात पाथरी घेऊन आली. ही रानभाजी आमच्याकडं कच्चीच खातात, तेल-मीठ लावून, भाकरीबरोबर. निवडताना एक गड्डा मुळासकट निघाला. देठ मोडला तर पांढरा चीक! आणि ऐका ना, सूर्यफूल, झेंडू, शेवंती ज्या कुळात येतात ते कुळ मी दोन वर्षं पाठ केलं होतं, पण त्यातलं एक फूलसुद्धा हातात घेऊन फोडून बघितलं नव्हतं. नुसती चित्रं. मला वाटलं, ही पण त्यातलीच असंल. पण खात्री फुलावरूनच होणार. म्हणून तो गड्डा रंगाच्या रिकाम्या बादलीत लावला.

आई हसायलाच लागली. "अगं बया, फूल आलं की कडू व्हती ती. खायची सोडून पूजा करती का काय तिची?"

"मला वळखायचीय."

"मी सांगते की पाथरी हाय म्हणून. आन् काय वळखायचं?"

पावसानं ओढ दिली होती. मी आठ दिवस पाणी घातलं नाही. विसरले नव्हते, उठून तांब्या उचलणंच होईना. शेजारच्या कुंडीतला कढीपत्ता वाळला, बादलीतल्या मातीला भेगा पडल्या, पाथरी मात्र तशीच हिरवी. मग मधून दांडा आला, कळ्या आल्या. रोज दुपारी उठून बघायची. बंद. परत बंद. दहा-बारा दिवसांनी बघते तर एका कळीच्या जागी पांढरा कापूस! बी झालं पण! फूल न येताच?

आईला हाक मारली. ती म्हणली, "ये झोपाळू, रोज सकाळी फुलती की ती. रानात जाताना बघते मी. ऊन चढलं की मिटती. तुझी वाट बघत बसंल व्हय?"

वाईट वाटायला पाहिजे होतं. काहीच वाटलं नाही. पण गजर लावला.

साडेसातला बघितलं. पिवळंधमक, रुपयाएवढं. सेफ्टी पिननं एकेक पाकळी सुटी केली आणि खरंच सांगते, एकेक पाकळी म्हणजे एकेक अख्खं फूल! खाली इवलं कच्चं बी, त्यावर केसांचा झुबका, पाकळीच्या टोकाला पाच दात. सूर्यफुलात मधे गोलात असतात तसली नळीसारखी बारकी फुलं मात्र सापडेनात. चुकलं का माझं? मोबाईलवर शोधलं. याच कुळात मधला गोल नसलेली, नुसती पट्टीसारखी फुलं असणारी पण झाडं आहेत, आणि पांढरा चीक त्यांनाच असतो. जमलं! फोटो काढून तीन मैत्रिणींना धडाधड टाईप करून पाठवलं. एकीनं अंगठा पाठवला. बाकीच्या नव्या बॅचच्या गडबडीत.

आणि मी? तशीच सुन्न. फक्त एवढं कळलं की परत त्या चित्रांपुढं जाऊन बसणं आपल्याच्यानं होणार नाही.

आण्णा ओसरीवर चहा पीत होते. "आण्णा, मी न्हाई बसायची तिसऱ्यांदा."

बशी खाली ठेवली त्यांनी. "मग काय करशील?"

"म्हाईत न्हाई."

"आईनं शिकवलं का असं म्हणायला?"

"न्हाई."

 आण्णांनी क्लासच्या सरांना फोन लावला. "पोरगी न्हाई यायची, सर." पलीकडून लांबलचक बोलणं चाललं होतं, आण्णा नुसतं "हां, हां" म्हणत राहिले. ठेवला.

"वडवणीला पाईप आणायला चाललोय. मागं धरून बसायला कुणीतरी पाहिजे. येती का?"

मी तोंडसुद्धा न धुता गाडीवर बसले. येताना पाईप दोन्ही हातांनी घट्ट धरले.