चंदनच्या मापाचं कडं

…तर चंदनचा उजवा हात काही खिशातून बाहेर आला नाही. काल गोष्ट इथंच तुटली, सुनेनं जेवायला हाक मारली म्हणून. ज्यांनी काल ऐकली नाही त्यांच्यासाठी थोडं मागून घेतो. मला काय, एकच गोष्ट चारदा सांगायला दिली तरी चारही वेळा नव्यानं मजा येते.

चंदन म्हणजे आमच्या गोडदेवातल्या धर्माजीचा धाकटा. धर्माजी आणि मी एकाच मास्तरांच्या छड्या खाल्ल्या, चौथीपर्यंत. पाचवीची शाळा लांब आणि मिठागर जवळ, म्हणून आम्ही दोघंही आगरातच गेलो. पुढं आगर गेलं, धर्माजीही गेला, आणि सगळीकडे कारखान्यांचे गाळे उभे राहिले. त्यातल्याच एका गाळ्यात चंदन बाविसाव्या वर्षी पॉवर प्रेसवर लागला. काम स्टीलच्या डब्यांची झाकणं काढायचं. त्या प्रेसला दोन बटणं. दोन हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे हात मध्ये राहूच नये अशी सोय. पण आपली माणसं त्या सोयीच्याही वरचढ. एका बटणाला चिंधी घट्ट बांधून ते कायमचं दाबून ठेवायचं, दुसरं डाव्या हातानं दाबायचं, आणि मोकळ्या उजव्यानं पत्रा सरकवत राहायचं. झाकणं दुप्पट निघतात. चंदनला हे कुणी शिकवलं नाही, शेजारच्या प्रेसवरचं बघून त्यानं स्वतःच चिंधी बांधली. त्याच वर्षी एका मंगळवारी पत्रा तिरका बसला. तो सरळ करायला हात गेला, आणि करंगळीशेजारच्या बोटाची दोन पेरं तिथं राहिली. उरलं एक पेर. त्याला तो स्वतः खुंटी म्हणायचा आणि मित्रांना सांगायचा, हिच्यावर टोपी अडकवता येते.

नंतर त्याला प्रेसवरून काढून झाकणं तपासायला बसवलं. समोर काच असते, तिच्यावर झाकण भोवऱ्यासारखं फिरवायचं. डगमगलं की बाजूला. त्याचा डावा हात त्यात असा बसला की लिहिणं, जेवणं, दाढी, सगळं डाव्यानंच होऊ लागलं. सात वर्षांत डाव्या हाताचे सांधे गाठी आल्यासारखे जाड झाले. ही गाठीची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

मग लग्नाचं निघालं. पहिल्या मुलीच्या घरी चंदननं पोहे यायच्या आधीच हात पुढं केला, म्हणाला हे असं आहे, बघून घ्या. त्यांनी बघून घेतलं आणि आठ दिवसांनी पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. दुसरीकडेही तेच. तिथं तर मुलगी चहा अर्धा ठेवून आत गेली ती बाहेर आलीच नाही. त्यानंतर चंदनच्या आईनं, रुक्मिणीवहिनीनं, घरात फतवा काढला की आता कुणी विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही. तिनं त्याच्या सगळ्या पँटींच्या उजव्या खिशाला आतून दुहेरी कापड लावलं, हात सारखा खिशात राहून खिसे फाटतात म्हणून.

तिसरी मुलगी डोंगरीची. स्वप्नाली. भाईंदर पश्चिमेला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते, तोंडानं चटपटीत, बापाची लाडकी. बाप गुणवंतशेठ, जुन्या वळणाचा माणूस. बघायच्या कार्यक्रमाला मीही होतो. चंदननं पोहे डाव्या हातानं खाल्ले, पाया डाव्या हातानं पडला. गुणवंतनं भुवया वर केल्या तशी वहिनी पटकन म्हणाली, डावरा हाय तो, लहानपणापासून. मी मान डोलावली. आता खोटं वहिनीचं, पण डोलावलेली मान माझीच होती, हे कबूल करायला हवं. दोघांना एकमेकं आवडली. फोन सुरू झाले. एकटी असली की स्वप्नाली त्याला ‘तू’ म्हणायची आणि बापासमोर ‘तुम्ही’.

आणि मग आली अंगठी.

आमच्यात साखरपुड्याला नवऱ्याची अंगठी मुलीकडचे करतात, आणि ती उजव्या हातात, करंगळीशेजारच्याच बोटात जाते. गुणवंतनं माप मागितलं. वहिनीनं हळदीचा दोरा घेतला, चंदनच्या डाव्या हाताच्या बोटाला मुळाशी गुंडाळला, गाठ मारली आणि डोंगरीला पाठवून दिला. तिकडं स्वप्नाली मोबाइलवर फोटो पाठवू लागली. ही सपाट, ही गोल, ही मधोमध रेघ असलेली, ही दोघांची सारखी कपल बँड, आत नाव कोरलेली. चंदन प्रत्येकाला नको म्हणायचा. काय म्हणणार? एका पेरावर यातली एकही टिकत नाही, हात खाली केला की घसरून पडते. पंचवीसेक फोटो झाल्यावर तिचा एक मेसेज आला. तो त्यानं मला ओट्यावर येऊन वाचून दाखवला.

“तुला अंगठी नकोय की मी?”

मी म्हटलं, सांगून टाक. तो म्हणाला, “आबा, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला माझ्यात काही उरलं न्हाय.” एकोणतीस वर्षांचा धट्टाकट्टा पोरगा माझ्या ओट्यावर गुडघ्यात डोकं घालून बसला होता. मला ते बघवेना, आणि मला जे बघवत नाही त्यावर मी लगेच तोडगा काढतो. ही माझी जुनी खोड.

तोडगा असा. मिठागरात खाऱ्या पाण्यानं बोटं फुगायची, म्हणून आमची जुनी माणसं अखंड अंगठी घालतच नसत. सोन्याच्या तारेचे अडीच फेरे, त्याला वेढं म्हणायचं. बोट फुगलं की सैल करायचं, ओसरलं की आवळायचं. माझ्या बापाचं होतं तसं. मी म्हटलं, चंदन, वेढं आवळून बसवलं तर तुझ्या खुंटीवरही बसेल.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं केबिन रोडला हंसाबेनच्या दुकानात गेलो. गोडदेवातल्या निम्म्या बायकांची मंगळसूत्रं तिच्याच हातची. तिला सगळं सांगितलं. तिनं तांब्याची तार घेतली, चंदनचा हात गादीवर ठेवला, आणि हळूहळू फेरे वळले. कापलेल्या जागी अजून दुखतं, त्या हाताच्या चिमटीत जोरही उरलेला नाही, तो दात आवळून बसला होता. पण बसलं! हात झटकला, खाली केला, टाळी वाजवली, वेढं हललं नाही. मी तर हसायलाच लागलो. ठरलं की दुसऱ्या दिवशी स्वप्नाली बापाला घेऊन अंगठी निवडायला येणार, तेव्हा चंदननं वेढ्याचाच हट्ट धरायचा. साखरपुड्याला अंगठी घालताना वहिनी रुमाल आणि फुलं घेऊन मध्ये उभी राहील, गर्दी असेल, कोण बघतंय. पुढचं पुढं.

हंसाबेन चष्मा काढून म्हणाली, “काका, लड़की सामने बैठेगी. आँख बंद करके थोड़ी बैठेगी.”

आम्ही ऐकलं नाही. बुडणारा माणूस पोहण्याचे धडे कुठं ऐकतो?

रविवारी गुणवंतशेठ पांढरा शर्ट घालून दुकानात आला, खिशात हळदीचा दोरा नीट घडी करून. स्वप्नालीनं फोनवर सात अंगठ्या निवडून आणल्या होत्या. चंदन माझ्याशेजारी, हात खिशात. बसल्या बसल्या त्यानं वेढ्याचा विषय काढला. स्वप्नालीला हसू आलं. वेढं तर तिचा आजा घालायचा, आणि त्याचा मळ काढायला आजी सुई घेऊन बसायची. चंदन म्हणाला, मला तेच आवडतं. तिनं विचारलं, का? मी मध्ये पडलो आणि मिठागराची एक लांबलचक गोष्ट सुरू केली. सुदैवानं अशा गोष्टी माझ्याकडे संपत नाहीत. गुणवंत ऐकत होता. ती माझ्याकडे बघतही नव्हती, ती चंदनकडे बघत होती.

मग ती हळूच म्हणाली की ठीक आहे, वेढं तर वेढं, पण तिच्या आवडीची एक तरी अंगठी त्यानं बोटात घालून बघावी, तिला एकदा बघायची आहे. एवढंच. त्याच्या तोंडून नाही कसं निघणार? त्यानं डावा हात पुढं केला. गुणवंत म्हणाला, उजवा, उजवा. मी म्हटलं, माप तर बघायचंय शेठ, कुठल्याही हातावर बघा. हंसाबेननं अंगठीचं माप बघायच्या कड्यांचा जुडगा काढला, गुणवंतचा दोरा लावून त्या मापाचं कडं शोधलं आणि चंदनच्या डाव्या बोटात सरकवलं. गाठीशी अडलं. तिला वाटलं थोडं दाबलं की जाईल. दाबलं, आणि गेलं.

बघा, वहिनीनं दोरा मुळाशी गुंडाळला होता. सांध्याची गाठ तिनं धरलीच नव्हती.

आता कडं निघेना. हंसाबेननं ओढलं, फिरवलं, बोट लाल झालं. ती साबण आणायला आत गेली. तेवढ्यात मी हात घातला. माझ्या म्हाताऱ्या बोटांत काय जोर! मी ओढतोय आणि चंदनचं बोट फुगतंय. गुणवंत हसत होता, म्हणाला, जावई मापातच अडकला. मग जरा वेळानं म्हणाला, अरे, दुसऱ्या हातानं ओढ ना.

चंदननं डावा हात तोंडाजवळ नेला आणि दातांनी कडं ओढायला लागला.

दुकानात आणखी दोन बायका होत्या, त्याही थांबून बघायला लागल्या. पोरगा कपाळावर घाम घेऊन स्वतःचं बोट चावतोय आणि दुसरा हात खिशात. गुणवंतचं हसू थांबलं.

“आबा, तुम्ही सोडा,” स्वप्नाली म्हणाली. मग बापासमोर पहिल्यांदाच, “चंदन, तुझा दुसरा हात कुठाय?”

त्यानं दात कड्यावरून काढले. तिच्याकडे बघितलं. मग उजवा हात खिशातून काढला आणि काचेवर, अंगठ्यांच्या ट्रेशेजारी पालथा ठेवला. अंगठा, दोन बोटं, खुंटी, करंगळी. खुंटीवर आदल्या दिवशीच्या तांब्याच्या तारेचे लाल वळ अजून होते.

गुणवंत उभा राहिला. मला म्हणाला, “काशीनाथ, आमाला डावरा सांगितला व्हता. तू मान हलवलीस.” मी म्हटलं, हलवली. तो म्हणाला, “माझ्या पोरीचा प्रश्न व्हता रे.” आधीच कळलं असतं तर कदाचित त्यानं होही म्हटलं असतं, पण तशी संधीच आम्ही त्याला ठेवली नव्हती. मुलीला म्हणाला, चल. दारात जाऊन चपला पायात सरकवल्या आणि तिथंच पाठमोरा थांबला.

स्वप्नाली उठली नाही. तिनं ट्रे बाजूला सरकवला. हात बघितला, वळ बघितले, आणि वेढं कशासाठी ते तिला कळलं असावं, कारण तिनं फोन उघडून त्या सात अंगठ्यांकडे एकदा बघितलं आणि तो उलटा ठेवला. हंसाबेन साबणाची वाटी घेऊन आतल्या दाराच्या पडद्याशी उभी होती, ती पुढं येईना. चंदनचं डावं बोट आता जांभळट दिसत होतं.

मग तिनं विचारलं, “पहिल्या दिवशी का न्हाय दाखवलास?”

माझी कुठलीच गोष्ट दोनदा सारखी होत नाही, मीठ कमी-जास्त होतंच. पण चंदन त्यावर जे बोलला त्यात मी आजवर एक अक्षर इकडचं तिकडं केलेलं नाही. तो दोन्ही हात काचेवर ठेवून म्हणाला:

“दोघींना पहिल्याच दिवशी दाखवला होता, त्या उठून गेल्या. तू उठू नयेस म्हणून लपवला. आता बघितलास, उठायचं असेल तर ऊठ. फक्त जायच्या आधी हे कडं ओढून दे, माझ्या या हातानं ते निघायचं न्हाय.”