कारवीचं घर

शहापूरला हायवेलगतच्या ज्या गोदामात आमचे हे कामाला होते, ते एका सकाळी उघडलंच नाही. गेटला कुलूप आणि वॉचमनही गायब. ह्यांनी पावसाळाभर दुसरं काम शोधलं, पण त्या वर्षी सगळीकडे तीच गत होती. हिवाळा आला तेव्हा खोलीचं भाडं झेपेनासं झालं. आम्ही संसार एका टेम्पोत भरला आणि धसईच्या पुढे डोंगराशी असलेल्या ह्यांच्या गावी आलो.

गावात दिरांचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यात दीर, जाऊबाई, त्यांच्या मुली आणि सासूबाई. आम्ही ओटीवर अंथरूण टाकू लागलो. कुणी वावगा शब्द काढला नाही. पण पहाटे उठल्यावर जाऊबाई आमच्या पायांना वळसा घालून चुलीकडे जायच्या, आणि मी डोळे मिटून पडून राहायचे.

एका दुपारी जेवताना सासूबाईंनीच विषय काढला. "माळावरचा आपला गोठा पडलाय. पन त्याचे खांब धड हायेत. कौलं पन निघतील बरीच. तुमी तिथं घर बांधा."

मला वाटलं, हे हसतील. माझे वडील शहापूरच्या बाजारात शिंपीकाम करतात. घर म्हटलं की विटा, सिमेंट, गवंडी, एवढंच मला माहीत. ह्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "कारवी हाय का वर?"

"डोंगर भरलाय," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कोयते घेऊन वर चढलो. कारवी म्हणजे डोंगरउतारावर दाटीनं वाढणारं झुडूप. त्याच्या काठ्या बोटभर जाड, माणसापेक्षा उंच आणि सरळसोट. लग्न झाल्यापासून ह्यांना मी कंपनीच्या जाकिटात, हातात खोक्यांवरचा कोड वाचायचं मशीन, असंच पाहिलेलं. तो माणूस इथे कारवीत शिरला आणि दिसेनासाच झाला. नुसता कोयत्याचा आवाज यायचा, एका लयीत. हे बाहेर आले तेव्हा खांद्यावर भारा होता आणि चेहऱ्यावर असं काही, की मी पाहतच राहिले.

गोठ्याचे खांब उभे राहिले, वर त्याचीच कौलं चढली. त्यांच्या मधे कारवीच्या काठ्या एकीला एक लावून ह्यांनी कूड, म्हणजे काठ्यांची भिंत, बांधायला घेतला. आडव्या काठ्या लावायच्या आणि झाडाच्या सालीच्या भिजवलेल्या पट्ट्यांनी आवळायच्या. माझ्याशी बोलता बोलता, हाताकडे न बघता गाठी पडत होत्या.

"कुणी शिकवलं हो तुम्हाला?"

"कुनी नाय गो. बाबा बांधायचे तवा समोर बसलेलो असायचो." मग ह्यांनी स्वतःच्याच बोटांकडे पाहिलं. "मला वाटलं, इसरलो असेन."

चारी कूड पुरे झाले त्या संध्याकाळी मी आत एकटीच उभी होते. मातीचा लेप अजून लागायचा होता. ऊन कलतं झालं आणि प्रत्येक फटीतून आत आलं. जमिनीवर, माझ्या साडीवर, हातांवर उन्हाच्या बारीक बारीक रेघा. डोंगरावर उभं असलेलं रान आम्ही डोक्यावरून खाली आणलं होतं आणि त्याची खोली झाली होती. मला देवळात गाभाऱ्यापाशी होतं तसं झालं.

माती तुडवायला जाऊबाई आपणहून आल्या. साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि खड्ड्यात उतरल्या. माती, शेण, भाताचा भुसा, पाणी. "ये गो, पाय घाल," त्या म्हणाल्या. मी काठावर घुटमळत होते. त्यांनी हात धरून ओढलं तशी मी धप्पकन चिखलात बसलेच. दोघी इतक्या हसलो की सासूबाई माळाच्या टोकाहून ओरडल्या. मग एकमेकींच्या खांद्यांवर हात ठेवून आम्ही दुपारभर माती तुडवली. त्या दुपारनंतर मी त्यांना कधी घाबरले नाही.

भिंतींना मी हातानं लिंपलं. पण लेप सुकू लागला तशा त्याला भेगा पडल्या. वरपासून खालपर्यंत, बोट जाईल एवढ्या. इतक्या दिवसांची मेहनत अशी फाटलेली पाहून मी तिथेच बसून रडायला लागले.

सासूबाई आल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि खूश झाल्या. "रडतेस कशाला? भेगा पडल्या म्हंजे सुकली. आता बारीक मातीचा हात दे, सगलं पिऊन घेईल ती."

मी चाळलेली माती शेणात कालवून पातळ हात दिला. भिंतीनं तो खरंच पिऊन घेतला. सकाळी बघते तर भेग नाही. गालावरून फिरवावा तसा भिंतीवरून हात फिरत होता.

खाली वारुळाची माती अंथरली आणि लाकडी चोपण्यानं ती धोपटून जमीन केली. दार मात्र गोदामातूनच आलं. ह्यांच्यासोबत काम गेलेल्या एका मित्राकडे माल ठेवायची लाकडी पॅलेटं पडून होती. तो मोटरसायकलला बांधून घेऊन आला आणि इथे दार ठोकून, भाकरी खाऊनच गेला. पॅलेटवरचा 'ही बाजू वर' असा बाण त्या दारावर उलटा आला आहे. तो आम्ही तसाच राहू दिला.

वैशाखात आम्ही राहायला गेलो. बाहेर माळ तापलेला, आणि उंबरा ओलांडला की माठाला पाठ लावल्यासारखा गारवा. पहिले कितीतरी दिवस मी काम सोडून भिंतीला टेकून बसायचे. वाटायचं, हे आपण केलं? पायाखालच्या मातीनं आणि वरच्या डोंगरानं आपल्याला एवढं द्यायचं ठरवलं होतं, आणि आपल्याला कळायला एवढा वेळ लागला?

पुढच्या वर्षी श्रावण सरता सरता ह्यांनी मला हाक मारून बाहेर नेलं. कारवी फुलली होती. ती काही वर्षांतून एकदाच फुलते हे मी ऐकून होते, पण अख्खा डोंगर जांभळा होईल हे कुणी सांगितलं नव्हतं. मधमाश्यांचा घुमारा खालपर्यंत ऐकू येत होता.

"एकदा फुलली की मरते ती," हे म्हणाले. "मग काठ्या वाळून उभ्या रानभर. ज्याला पायजे त्यानं न्याव्या."

आता ह्यांना मुरबाडला एका कारखान्यात काम मिळालं आहे. कधी तेही बंद पडेल, सांगता येत नाही. त्याची धास्ती पूर्वीइतकी वाटत नाही, एवढं मात्र खरं.

गेल्या हिवाळ्यात वाडीतलं एक जोडपं आमच्याकडे आलं. दरवर्षीसारखं मजुरीला वीटभट्टीवर जायचं नाही असं दोघांनी ठरवलं होतं आणि झोपडीच्या भिंती नव्यानं बांधायच्या होत्या. ती बाई आत आली आणि भिंतीला दोन्ही तळवे लावून उभी राहिली. मी चहा ठेवला होता, तो उतरवला. "चला," म्हटलं, "ऊन चढायच्या आत वर जाऊन येऊ." हे कोयत्याला धार लावत होतेच. आम्ही चौघं चढायला लागलो.