आमच्या गल्लीतलं वगळलेलं घर

मंडळी, सकाळपासून पुस्तक उघडं आहे, पण एक अक्षर डोक्यात शिरत नाहीये.

उद्या माझा विशेष शिक्षणाच्या बी.एड.चा पेपर. दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार काही केल्या पाठ होईनात, म्हणून मी आमच्या पिंप्राळ्याच्या गल्लीतल्या एकेका घरात मनातल्या मनात एकेक प्रकार ठेवला. किराणावाल्यांकडे अंधत्व, गिरणीवाल्यांकडे कर्णबधिरता, असं ओळीने. सकाळी गच्चीवर तेच मोठ्याने म्हणत होते.

शेजारच्या गच्चीवर अक्का ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत घालत होत्या. त्यांचा नातू सोनू स्वमग्न आहे. त्यांचा हात थांबला.

"आमना घरमा काय ठेवं?"

त्यांचं घर मी मुद्दाम वगळलं होतं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून, असं मी सांगितलंही.

अक्का हळूच म्हणाल्या, "वाढदिवसाला, हळदीकुंकवाला सारी गल्ली आमनं घर सोडस. तू तर सोनूसारख्या पोरांना शिकवणार शे ना?"

आणि खाली निघून गेल्या. बिबडे अर्धेच घातलेले.

एकवीसच्या एकवीस प्रकार मला सकाळीच पाठ झाले होते. पण अक्कांच्या शेजारी इतकी वर्षं राहून सोनूला काय आवडतं, ते मला माहीत नाही.

तुमच्या गल्लीत तुम्ही कोणतं घर वगळता?