दाराकडे रोखलेलं पातं

सकाळी गल्लीतल्या प्रत्येक दाराच्या चौकटीवर तळहाताएवढा लाल कागद चिकटवलेला होता. फक्त बाओझूच्या दारावर नव्हता.

समोरच्या घरातला थ्येनतिंग आदल्या संध्याकाळी गेला होता. शीहू गावात ज्याच्या घरी मरण येतं, त्याच घरचं कुणीतरी उठून शेजाऱ्यांच्या दारांवर लाल कागद लावून येतं. आमच्या घरातलं अशुभ तुमच्या उंबऱ्यात शिरू नये म्हणून. भांडण असलं तरी लावतात. थ्येनतिंगची बायको आमियान पहाटे खळीची वाटी घेऊन सगळी गल्ली फिरली होती आणि बाओझूच्या नव्याकोऱ्या पोलादी दारावरून तशीच पुढे गेली होती.

बाओझूने चौकटीवरून हात फिरवला. खाली वाकून पायरीही पाहिली.

"वाऱ्याने उडाला असेल," तिचा नवरा श्वेयुआन मागून म्हणाला.

"हो, वाऱ्याला माझंच दार दिसलं! आत जा तुम्ही."

हे दार म्हणजे बाओझूचा जीव होता. दारच कशाला, घराचं सगळं तोंडच. आत तीन मजल्यांवर काय आहे याच्याशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं; वरच्या दोन खोल्यांत तर अजून पलंगही आले नव्हते. पण रस्त्याच्या बाजूला कसूर नव्हती. अंगणात धुतलेल्या बारीक खड्यांची करडी फरशी, मोठ्या कुंडीत तारेने वाकवलेला काळा पाइन, झाडाच्या बुंध्याशी वर प्रकाश टाकणारे दिवे. आणि दाराच्या एका अंगाला, जमिनीपासून थेट गच्चीपर्यंत, नुसत्या सिमेंटचं एक उभं पातं रस्त्याच्या दिशेला बाहेर काढलेलं. रंग नाही, फरशी नाही. तिच्या मुलाचा, चीशेनचा, मित्र घरांचे नकाशे काढायचा. तो म्हणाला होता, "काकू, येणाऱ्याची नजर आधी या पात्यावर जाईल, मग दारावर." आणि खरंच जायची. स्कूटरवरची माणसं वेग कमी करून बघायची. बाओझू रोज ओल्या फडक्याने ते पातं पुसायची, जणू देवघरातली मूर्ती.

तिला असं घर हवं होतं त्यालाही कारण होतं. चीशेनचं पहिलं लग्न जुळता जुळता मोडलं ते घराच्या तोंडामुळे. तेव्हा इथं जुनं घर होतं आणि त्याच्या दर्शनी भागातच बाओझूची बावानची गाडी. रताळ्याच्या सत्वाचे ते डुकराच्या मांसाचे गोळे आयुष्यभर तिथंच तेलात पोहत राहिले, आणि त्या तेलाचा धूर भिंतींवर बसून बसून भिंती काळ्या, चिकट झालेल्या. मुलीची आत्या रस्त्यावरूनच रुमाल नाकाला लावून म्हणाली, "इथं माणसं राहतात की तळली जातात?" पुढे निरोपसुद्धा आला नाही.

आता चीशेनला तायचुंग शहरातली यूछिंग मिळाली होती. पंचांग बघून साखरपुड्याचा दिवस ठरला होता. यूछिंगचे आईवडील घर पहिल्यांदाच बघणार होते. बाओझूला त्या दिवसापर्यंत घराचं तोंड डागाशिवाय ठेवायचं होतं. एवढंच. त्यापुढे काहीही होवो.

बाओझू मूळची वांगगोंगच्या किनाऱ्यावरच्या कालवं फोडणाऱ्या घरातली पोरगी. सून होऊन आली तेव्हा सासू तापलेल्या झाऱ्याने मारायची. गोळा फुटला की मनगटावर एक, गिऱ्हाईक परत गेलं की पाठीवर एक. बाओझू कधी उलटून बोलली नाही, पण मार शिकली. सासू गेल्यावर गाडी तिच्या हातात आली, झाराही. एकदा एका दारुड्याने तिचा दंड धरला, तर तिने त्याच झाऱ्याने त्याचे पुढचे दात पाडले. त्याचे भाऊ सळया घेऊन आले. तेव्हा आमियानने तिला आपल्या मोरीत कोंडलं आणि कोंबड्या कापायचा सुरा घेऊन स्वतः दारात उभी राहिली. "आत यायचं? या की. एकेक जण या, पातेलं लहान आहे माझं." भाऊ परत गेले. त्या दिवसापासून दोघी सख्ख्या बहिणींहून जवळच्या झाल्या. आमियानचा धाकटा ग्वोबिन तर बाओझूच्याच गाडीवर वाढला. शाळेतून आला की बाकावर चढून तोंड उघडायचा, आणि बाओझू कात्रीने गोळ्याचे तुकडे करून फुंकर घालून त्याच्या तोंडात टाकायची.

मग ते पातं उभं राहिलं. त्याची धार नेमकी आमियानच्या दाराच्या मधोमध येत होती; दारातून आत, थेट देव्हाऱ्यावर. भिंतीची धार दारावर रोखलेली असली की त्या घराचा कर्ता माणूस कापला जातो, हे शीहूमध्ये कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. त्याच महिन्यात थ्येनतिंग पत्रा बसवताना शिडीवरून पडला आणि खाटेला खिळला.

आमियान रस्ता ओलांडून आली होती. तेव्हा आवाजात भांडण नव्हतं.

"बाओझू, त्या धारेपुढे झाड लाव. वेल चढव. एखादी ताडपत्री टांग. काहीही कर, पण ती झाक."

"मियान, साखरपुडा होऊ दे. पाहुणे बघून जाऊ देत. मग मी स्वतःच्या हाताने वेल लावते."

"आणि तोवर माझा माणूस?"

"तुझा माणूस चप्पल घसरून पडला. माझ्या भिंतीने ढकललं का त्याला?"

आमियान रस्ता ओलांडून परत गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या दारावर आठकोनी आरसा लागला, वर लोखंडी त्रिशूळ. येणारं अशुभ आल्या वाटेने परत पाठवायला. दुपारच्या उन्हात त्याचा कवडसा बाओझूच्या पोलादी दारावर पडायचा आणि चोरासारखा इकडून तिकडे फिरायचा. आणि आता थ्येनतिंग खरोखरच गेला होता.

लाल कागद नसलेल्या दाराकडे बघत बाओझू बराच वेळ उभी राहिली. मग तिने कपडे वाळत घालायचा बांबू उचलला, रस्ता ओलांडला आणि आमियानच्या दारावरचा आरसा फोडला. पहिल्या घावाला तडा गेला, दुसऱ्याला काच खाली आली. कागदी नोटा जाळायच्या परातीत, राखेत पडली. आत शवपेटी होती. टेपवरचे मंत्र चालूच होते.

सुतकाचे जाडेभरडे कपडे घातलेला ग्वोबिन बाहेर आला. त्याने बांबू हिसकावला. श्वेयुआन, ज्याने आयुष्यात माशीसुद्धा दुसऱ्यांदा हाकलली नव्हती, "अरे बाळा, अरे बाळा" करत मध्ये पडला आणि बाओझूसाठी उगारलेला बांबू त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज दोन घरं पलीकडे गेला. तो खाली पडल्यावरही ग्वोबिन मारत राहिला, पाठीवर, मांडीवर, बांबू चिरफळेपर्यंत.

आमियान शवपेटीला हात टेकून उभी होती. "प्रेतासमोर आरसा फोडलास," ती म्हणाली. "आता तुझ्या दारात काय येतं ते बघच."

चीशेन फोनवर म्हणाला, "आई, साखरपुडा पुढे ढकलू. बाबांना प्लास्टर आहे."

"प्लास्टरवर कोट येतो. मोठ्या मापाचा घेऊन ये."

थ्येनतिंगला पोचवून आले. गल्ली थोडी निवांत झाली. साखरपुड्याच्या आदल्या पहाटे बाओझू दार उघडून बाहेर आली तर पायाला काहीतरी चिकट लागलं. पातं वरपासून खालपर्यंत लाल होतं. दार लाल, पाइनच्या सुया लाल, खड्यांच्या फरशीवर लाल थारोळं. बादल्याच्या बादल्या ओतल्या होत्या. असा रंग कोण कुणाच्या घरावर फेकतं हे पोराटोरांनाही ठाऊक असतं: जुगारात बुडालेल्याच्या घरावर, वसुलीचे गुंड. तायचुंगहून गाडी आली असती, पाहुण्यांनी काच न उतरवताच ठरवलं असतं की पोरगा जुगारी आहे.

ती थिनरचा डबा आणि तारेचा घासा घेऊन बसली. घासून घासून नखांच्या कडा सोलल्या, रंगात रक्त मिसळलं तरी कळेना. समोर स्टुलावर ग्वोबिन सुपारी चघळत बसला होता. लपायची त्याला गरजच वाटत नव्हती.

"काकू," तो मोठ्याने म्हणाला, "लाल कागद हवा होता ना? घ्या, अख्खं घरच लाल केलं!"

गल्लीतलं कुणीतरी हसलं. बाओझू उठली. आत उद्याच्या बावानसाठी मोठी कढई चढवलेली होती. एरवी ती तेल कोमट ठेवायची. पहाटेच्या गडबडीत विस्तव मोठाच राहिला होता आणि तेलातून धूर निघत होता. तिने लांब दांड्याचा खोल डाव बुडवला, भरला, आणि सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून रस्ता ओलांडला.

"हे काय काकू, भरवायला आलात?" ग्वोबिन हसत म्हणाला.

तिने डाव त्याच्या तोंडावर रिता केला. तेल कानापासून गळ्यावर, गळ्यावरून शर्टाच्या आत गेलं. माणूस असा ओरडतो हे गल्लीने तोवर ऐकलं नव्हतं. तो रस्त्यावर लोळत शर्ट ओढत होता आणि शर्टाबरोबर कातडी येत होती. आमियान पाण्याची बादली घेऊन धावली. बाओझू रिकामा डाव धरून उभी होती. परत येताना त्यातून तेलाचे थेंब खड्यांच्या फरशीवर पडत गेले, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता डाग पडणार.

दुपारपर्यंत पोलीस येतील म्हणून ती वाट बघत राहिली. कुणी आलं नाही. ग्वोबिनने दवाखान्यात सांगितलं होतं, कढई स्वतःच्या हातून कलंडली. श्वेयुआनला ही गोष्ट आमियानकडूनच कळली. गळ्यातल्या झोळीतला हात सांभाळत तो तिच्या दारात माफी मागायला गेला होता.

"पोलिसांत दिलं तर ती आत जाईल आणि भिंत उभी राहील," आमियान त्याला म्हणाली होती. "मला ती आत नकोय, श्वेयुआन. मला भिंत नकोय."

"पाडू या आपण," घरी येऊन श्वेयुआन म्हणाला. "आजच माणूस बोलावतो."

"उद्या संध्याकाळी," बाओझू म्हणाली. "पाहुणे गेले की."

"अगं, पोराचा कान गेलाय!"

"उद्या संध्याकाळी म्हटलं ना!"

दुसऱ्या दिवशी चंदेरी गाडी गल्लीत शिरली तेव्हा पातं स्वच्छ करडं होतं, दार लखलखत होतं, पाइनच्या लाल सुया बाओझूने कात्रीने एकेक छाटल्या होत्या. चीशेनने धावत जाऊन गाडीचं दार उघडलं. यूछिंगचे वडील उतरले, दोन पावलं मागे सरले आणि मान वर करून घर बघू लागले.

"वा!" ते म्हणाले. "फोटोत एवढं कळलं नव्हतं. मासिकातलं घर वाटतंय हो!"

बाओझूने वाकून नमस्कार केला. सासूचा मार, तेलाचा धूर, आत्याबाईंचा रुमाल, सगळं या एका 'वा'साठी सोसल्यासारखं झालं.

तेवढ्यात धाडकन आवाज झाला.

आमियान होती. थ्येनतिंगचा मोठा घण तिने दोन्ही हातांत धरला होता, उचलताना तिची सगळी पाठ मागे वाकत होती. पात्याच्या धारेवर दुसरा घाव बसला. सिमेंटचे कपचे उडून गाडीच्या टपावर पडले. यूछिंगची आई किंचाळून मागे सरली.

बाओझू धावली. तिने आमियानचे केस धरले. आमियानने तिच्या मनगटाला असा चावा घेतला की दात हाडाला लागले. दोघी खड्यांवर पडल्या, लोळल्या. एक पासष्टीची, एक साठीची. गुडघे, कोपर, नखं, जे हाती येईल त्याने एकमेकींना मारत राहिल्या. पाइनची कुंडी फुटली. बाओझूने आमियानचं डोकं पायरीवर आपटलं. आमियानने कुंडीची खापरी उचलून बाओझूच्या कपाळावर मारली आणि बाओझूच्या डोळ्यांत रक्त उतरलं. चीशेनने आणि यूछिंगच्या वडिलांनी त्यांना कशाबशा वेगळ्या केल्या.

मग सगळे धापा टाकत थांबले. दवाखान्यातून हट्टाने घरी आलेला ग्वोबिन समोरच्या दारात येऊन उभा राहिला होता. अर्धं डोकं, मान, खांदा, सगळं पट्ट्यांत. पट्टीच्या कडेने पिवळं पाणी झिरपत होतं.

यूछिंगने त्याच्याकडे पाहिलं. "त्यांना काय झालं?" तिने चीशेनला विचारलं.

"अपघात," चीशेन घाईने म्हणाला. "स्वयंपाकघरात. त्याचा याच्याशी काही..."

"आणि या बाई ही भिंत का फोडतायत?"

"जुन्या समजुती गं. धार दाराकडे आली की म्हणे... मित्राने मला आधीच सांगितलं होतं, लोक बोलतील म्हणून. मी म्हटलं, बोलू देत."

यूछिंगची आई आता पात्याकडे बघत नव्हती. धारेच्या रोखाने तिची नजर रस्त्यापलीकडे गेली. दार, आतला देव्हारा, देव्हाऱ्याशेजारचा सुतकातला नवा फोटो. "काय म्हणता," ती हळूच बाओझूला म्हणाली, "त्या मुलाचा अपघातच ना तो?"

सगळे बाओझूकडे बघत होते. चीशेन डोळ्यांनी खुणावत होता. ग्वोबिननेच दवाखान्यात तेच सांगितलेलं. बाओझूने नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. तिने ब्लाऊजच्या बाहीने डोळ्यांवरचं रक्त पुसलं आणि समोर पाहिलं. पट्टीच्या ताणाने ग्वोबिनचा ओठ एका बाजूला ओढला गेला होता. तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं.

"अपघात नाही," ती म्हणाली. "तेल मी फेकलं. उकळतं."

"आई!"

"तुम्ही आज घर बघायला येणार होतात म्हणून."

यूछिंगला बोटातली अंगठी काढायची गरज नव्हती, ती अजून घातलीच नव्हती. तिने आईचा हात धरला आणि तिला गाडीत बसवलं. वडिलांनी टपावरचे कपचे हाताने झटकले, चीशेनकडे न बघता मान किंचित लववली आणि गाडी मागे घेत घेत गल्लीबाहेर नेली. चीशेन तिच्यामागे पळत गेला. वळणावरून परत आला नाही.

बाओझू पायरीवर बसली. कपाळावरचं रक्त हनुवटीवरून धुतलेल्या खड्यांवर ठिबकत होतं आणि ती ते पुसत नव्हती. श्वेयुआन एका हाताने फुटक्या कुंडीची माती गोळा करत होता.

आमियानने घण उचलला. तिचंही डोकं फुटलं होतं, एक डोळा सुजून मिटला होता. तिने पुन्हा धारेवर घाव घातला. एक, मग आणखी एक. घण उसळून मागे येत होता आणि पातं जेमतेम खरवडलं जात होतं.

"तिथं आत गज आहे," बाओझू म्हणाली. "तिथं नाही फुटायचं. बाजूने मार."

आमियान थांबली. तोंडातलं रक्त थुंकली.

"तू मला शिकवू नकोस," ती म्हणाली.

आणि बाजूला सरकून तिने घण उगारला.