भोंग्याच्या आडोशाला

नागपूरहून गाडी सुटली आणि डब्यात माझा प्रयोग सुरू झाला. कजाग सासू, तिचा भित्रा जावई आणि मांडवात शिरलेला रेडा, तिघांचेही आवाज मीच काढले. इटारसीपर्यंत डबा खदखदा हसत होता. घशाच्या कॅन्सरमधून उठलेला माणूस मी; हसणारे प्रेक्षक सोडतो होय!

भोपाळला रिक्षावाल्याने विचारलं, "को खाँ, कां जाओगे? (काय राव, कुठे जाणार?)" मी तोंड उघडलं, तर आत कुणीतरी पत्रा खरवडला. पत्ता मोबाइलवर दाखवला. कॅन्सरच्या वेळीही आधी असाच तर आवाज बसला होता.

दादाच्या कारखान्याची टाउनशिप संध्याकाळच्या धुक्यात तरंगत होती. निलगिरीच्या रांगा, एकसारखी क्वार्टर्स, माणसांशिवाय जाणारे सायकलींचे दिवे. दादाने दारातच मिठी मारली. जेवताना म्हणाला, "अरे, जीभ गाडीत विसरलास?" मी बाफला (उकडून भाजलेली बाटी) तोंडात कोंबला आणि मान डोलावली.

रोज सकाळी 'आऽऽ' म्हणून आवाज तपासायचा, ही माझी आजारानंतरची सवय. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा भोंगा झाला, तसा मी न्हाणीघरात शिरलो आणि त्याच्या आडोशाने 'आऽऽ' लावला. भोंगा अचानक थांबला. माझा 'आ' एकटाच उघडा पडला.

"भाऊजी, हा कोणता राग?" बाहेरून वहिनी.

मी दार उघडलं. वहिनींचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. त्यांना एक नजर पुरली.

"घाबरलाय तुम्ही. कालपासून ह्यांना एक टोमणा नाही मारलात." मग हळूच म्हणाल्या, "काखेत जरा काही हाताला लागलं, की मी भोंग्यात रडून घेते. ह्यांना पत्ता नाही."

दादा कामावर गेल्यावर त्यांनी मला मोठ्या तलावावर नेलं. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे लागतं, कळत नव्हतं. होड्या हवेत टांगल्यासारख्या. आम्ही खास भोपाळी, मिठाचा चहा घेतला, पोहे-जिलबी खाल्ली.

"हे सगळं स्वप्नच असेल, असं वाटतं का हो तुम्हाला?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"वाटतं. मग जिलबी दाताला चिकटते." त्या हसल्या. "नागपूरला पोचलात की आधी डॉक्टर. तोवर मौन."

"मौन? त्यापेक्षा..."

"भाऊजी!"

परतीच्या गाडीत मी खिडकीतून पळसाची झाडं पाहत मुकाट बसलो. शेजारच्या आजींना माझी दया आली; त्यांनी मला खुणांनीच पेरू दिला.

नागपूरच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. "सूज आहे, बडबडीची. बाकी आज काही दिसत नाही. पुढच्या तपासणीला या." त्यातला 'आज' मी घरी घेऊन आलो.

आता सकाळी फोन वाजतो. उचलला की कुणी बोलत नाही, नुसता भोंगा येतो. वहिनींनी फोन स्पीकरवर टाकून खिडकीबाहेर धरलेला असतो. इकडे मी 'आऽऽ' लावतो. तिकडे त्या रडतात की नाही, मी विचारत नाही. आज भोंगा थांबला तरी मी थांबलो नाही. तेव्हा पलीकडून ओला, हसरा आवाज आला, "पुरे हो भाऊजी! हे उठून बसले, विचारताहेत रेडा कुठून आला."