त्याने न नेलेलं सोनं

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकेल — चौथीपर्यंतच शिकले, सांभाळून घ्या. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. बोलायला गेले की जीभ अडखळते, म्हणून लिहिते.

मी खारदांड्याची. नवरा होडीवर जायचा, मी मासळी विकायची. आमच्यात मासळीचा पैसा बाईच्या हाती असतो. तो दारूला मागायचा, नाही दिला की मारायचा. बरीच वर्षं सोसलं. मग माहेरी आले आणि कोर्टात फारकत मागितली.

वकीलबाई चांगल्या होत्या. माराचा डॉक्टरी कागद जपून ठेव म्हणाल्या. पोस्टातले पैसे एकटीच्या नावावर करायला लावले. त्याने दारात येऊ नये असा कोर्टाचा हुकूम मिळवून दिला — तेव्हा कुठे झोप लागली. ते सगळं खरं होतं. त्याचं मला काही वाटत नाही.

पण मग त्यांनी सोन्याचं विचारलं. "माहेरचं सोनं तुझंच गं. तुझ्याजवळ असेल तर त्याला मागता येणार नाही. त्याने नेलं असेल तर सांग, परत मागू."

सोनं माझ्याजवळच होतं. मासे खारवायच्या मिठात पुरलेलं.

मी म्हटलं — त्याने नेलं.

का म्हटलं? भीतीने? भीती होती, पण तेव्हा भीतीने नाही बोलले. त्याचं वाटोळं व्हावं असं वाटत होतं.

कोर्टात तो म्हणाला, "मारलं, ते कबूल. पण सोनं नाय नेलं. तू सांग ना गं." सगळे माझ्याकडे बघू लागले. मी मान खाली घातली. लाजऱ्या बाईची खाली गेलेली मान खरीच वाटते, नाही का? आणि दारुड्याचं कोण ऐकतो?

सोन्याची किंमत भरायचा हुकूम झाला. त्याने होडीतला हिस्सा विकला, जाळीही विकली. नारळी पुनवेला सगळ्यांनी होड्या लोटल्या, तो वाळूत उभा. शेजारीण कानाशी म्हणाली, "बरी जिरली बघ." आणि मी — मी हसले. खोट्याइतकंच ते हसणंही मला सांगायचं होतं.

ते पैसे आणि मोडलेलं सोनं घालून दहिसरला खोली घेतली. पुढे नणंद बाजारात भेटली. तो आता दुसऱ्याच्या होडीवर खलाशी आहे, दारू सुटली, एवढंच बोलली. तेव्हापासून मासळीच्या पैशातले थोडे थोडे तिच्या हाती देत गेले.

"कसले गं वहिनी?"

"त्याचेच."

तिने पुन्हा विचारलं नाही. त्याच्यासमोर मात्र मी अजून गेलेले नाही. कोर्टातही खरं सांगितलेलं नाही.

या शिमग्याला शेवटचे पैसे दिले. कोर्टाने त्याला भरायला लावले होते तेवढे सगळे फिटले.