मावा जिलेबी आणि अट क्रमांक तीन

माझ्या एका हातात मावा जिलेबी होती, दुसऱ्या हातात घराच्या सौद्याचा मसुदा, आणि अट क्रमांक तीन अद्याप वाचायची राहिली होती. बाकी सर्वांची तोंडे गोड झाली होती.

बुऱ्हाणपुरात घराचा सौदा आधी जिलेबीवर होतो, मग कागदावर. पहिला पक्का मानतात. दुसरा केवळ उपचार. मी पन्नाशीला कॉलेजातील नोकरी सोडून वकिलीत आले. चारचौघांत आवाज चढवणे मला अजूनही जमत नाही, आणि मालमत्तेच्या कामात त्यावाचून भागत नाही.

माझे अशील महाजन सर शाळेत शिक्षक. प्रॉव्हिडंट फंडातून काढलेली सारी रक्कम ते बयाना म्हणून देणार होते. बयाना म्हणजे सौदा पक्का करण्यासाठी दिलेली आगाऊ रक्कम. घेणारा मागे फिरला, की ती बुडते. उरलेले पैसे बँकेच्या लोनमधून यायचे होते. परंतु घराच्या तळमजल्यावर भाडेकरूचे पॉवरलूम खडखडत होते, आणि कारखाना चालू असलेल्या घरावर होमलोन मिळणार नाही, असे बँकेने आधीच सांगितले होते. म्हणून तिसरी अट : मालकांनी मुदतीत लूम हलवून तळमजला रिकामा करावा, तो रिकामा नसल्यामुळे लोन नामंजूर झाल्यास बयाना पूर्ण परत.

मी ती वाचली. घरमालक पाटीलकाकांचा चेहरा पडला.

"बाई, लूमवाला माझ्या भावासारखा. मी बोललो की उठेल. लिहून कशाला?"

"उठणारच असतील, तर लिहायला हरकत नसावी," मी पुटपुटले.

"काय?"

मी पुन्हा पुटपुटले.

दलाल चौधरी हसले. "अहो वकीलबाई, जबान झाली, मुँह मीठा झालं. आता शर्त कसली? सोयरीक झाल्यावर कोणी पोरीची मार्कशीट मागतं का?"

मदतीसाठी मी सरांकडे पाहिले. ते म्हणाले, "जाऊ द्या ना मॅडम. काकांना वाईट वाटतंय."

ज्याचा फंड बुडायचा, त्यालाच संकोच! त्या क्षणी मला मसुदा टेबलावर आपटावासा वाटला. प्रत्यक्षात मी तो हळूच ठेवला.

"सर, लोन नाही मिळालं तर उरलेले पैसे कुठून आणाल?"

"मिळेल हो. काका आहेत ना."

"काका बँकेत आहेत का?"

चौधरी म्हणाले, "बाई, आधी जिलेबी तर खा. पाक कागदावर गळून राहिला."

"अट राहिली, तर खाते," मी म्हणाले. या वेळी ते सर्वांना ऐकू गेले. सर्वांत जास्त दचकले मी.

शेवटी काका वैतागले. "राहू द्या बाई तुमची शर्त! कुठं सही करू?"

मुदत संपत आली तेव्हा बँकेचा माणूस घर पाहायला आला. तळमजल्यावर लूम जोरात चालू होते. भावासारख्या भाडेकरूने त्यालाही चहा पाजला. लोन नामंजूर झाले.

मी काकांना नोटीस पाठवली, सोबत त्यांच्याच सहीच्या अटीची प्रत जोडली. त्यांनी आपला वकील गाठला. त्याने ती वाचून त्यांना काय सांगितले, ते मला ठाऊक नाही. पण बयाना पूर्ण परत आला.

महाजन सर ऑफिसात आले, ते भारावलेलेच.

"मॅडम, माणूस असावा तर काकांसारखा. एक पैसा ठेवला नाही."

"सर, ते अट क्रमांक तीनमुळे..."

"अटीचं काय हो! दानत लागते. उलट काका म्हणत होते, तुम्ही एवढं ताणलं नसतं, तर लूमवालाही मानला असता."

मी त्यांची फाइल बंद केली. नीट लिहिलेली अट पाळली गेली, की तिला माणुसकी म्हणतात. तेव्हापासून मी मुदत, पुरावा आणि परिणाम या तिन्ही गोष्टी न विसरता लिहिते, आणि श्रेय ज्याला हवे त्याला घेऊ देते.